दादाजींचा सरकारशी पत्रव्यवहार

दादाजींना मी चार वर्षं ओळखत होतो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. खरं म्हणजे चार वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो, एवढंच. ओळखणं म्हणजे हा माणूस उद्या काय करील याचा थोडाफार अंदाज येणं. तो मला एकदाही आला नाही.

त्यांचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण नागपूरच्या इतवारीतल्या त्या मोहल्ल्यात लहानथोर सगळे त्यांना दादाजीच म्हणत. पूर्वी ते काय करत, याबद्दल मोहल्ल्यात तीन मतं होती. कोणी म्हणे गिरणीत होते. कोणी म्हणे कामठीला मिशनऱ्यांच्या छापखान्यात खिळे जुळवत. कोपऱ्यावरचा पानवाला शपथेवर सांगे की हे पारशिवनीकडच्या एका मालगुजाराच्या घरचे, भावांशी भांडून निघून आले. मी एकदा सरळ त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "तिन्ही बरोबर आहेत. तुमाले कोणतं आवडलं?"

मी तेव्हा सेक्रेटरिएटात शिक्षण खात्यात कारकून होतो. साताऱ्याकडून नुकताच आलेला, धरमपेठेत एका खोलीत राहणारा, नागपूरचं ऊन आणि नागपूरची भाषा दोन्हींनी भांबावलेला. प्रांतातल्या लहानसहान वस्तुसंग्रहांना सरकार अनुदान देणार, असं ठरलं होतं आणि त्याचे अर्ज माझ्या टेबलावर येत. दादाजींचा अर्ज आला तो मराठीत, वहीच्या कागदावर. त्यात एवढंच होतं: 'आमचे येथे जुन्या वस्तू आहेत. छपराचे कवेलू फुटले आहेत. वस्तू भिजतात. सरकारने येऊन पाहावे.'

आमचे सुपरिंटेंडेंट म्हणाले, "परत पाठवा. इंग्रजीत, ठरलेल्या नमुन्यात अर्ज करा म्हणावं." मी परत पाठवला. पण 'येऊन पाहावे' हे शब्द मनातून जाईनात. रविवारी सायकल काढली आणि इतवारी गाठली.

धान्याच्या एका व्यापाऱ्याचं लांबलचक गोदाम होतं. त्याच्या टोकाच्या दोन खोल्या दादाजींनी भाड्याने घेतल्या होत्या. बाहेर पाटी: 'जुन्या वस्तू. आत या.' आत गेलो तर उंच, वाळका, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला एक म्हातारा जमिनीवर बसून फुटाणे खात होता. खोलीत एकच खुर्ची होती, तीवर मी बसायला गेलो, तर ते ओरडले, "ते वस्तू आहे!"

भिंतींना खुंट्या, खुंट्यांवर आणि फळ्यांवर वस्तू. धान्य मोजायची लाकडी पायली, विणकरांचे धोटे, गोंडांचा ढोल, दगडी पाते, पितळी समया. आणि बऱ्याच खुंट्या रिकाम्या. रिकाम्या खुंटीखाली चिठ्ठी लावलेली: 'गेली आहे. येईन.'

मी ते तीनदा वाचलं. "हे 'येईन' कोण म्हणतंय?"

"कोण म्हणतंय मंजे? फणी येईन. उमरेडची बाई घेऊन गेली आहे."

नागपूरकडे 'येईल'ला 'येईन' म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, वस्तूच निरोप ठेवून गेली आहे. पुढे मला भाषा समजू लागली, तरी त्या चिठ्ठ्या वाचताना पहिला अर्थच मनात यायचा.

हळूहळू उलगडलं ते असं. लोक दादाजींकडे वस्तू आणून ठेवत, पण देऊन टाकत नसत. ढोल सणाला गावी जाई, पायली सुगीला जाई, समया लग्नाला जात. काम झालं की परत येत. कधी उशिरा येत, कधी तडा जाऊन येत. एक समई दोन वर्षं आली नव्हती. चिठ्ठी मात्र होती.

"मग हा संग्रह कसला?" मी विचारलं.

"काहून नाही?" ते म्हणाले. हा त्यांचा लाडका शब्द. 'काहून' म्हणजे का, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. त्याचं उत्तर द्यायला मात्र कधीच शिकलो नाही.

आलेल्या माणसाला ते स्वतः कधी माहिती सांगत नसत. उलट त्यालाच विचारत, "हे काय आहे, सांगा." तो सांगेल ते वहीत लिहून घेत. एका काळ्या दगडाखाली कागद होता: 'कोणी म्हणतात पाटा. कोणी म्हणतात देव. एका बाईने विचारले, दोन्ही काहून नसन?' मी म्हटलं, एखाद्या जाणकाराला दाखवून खरं काय ते ठरवून घ्या. तर म्हणाले, "जाणकार एकच गोष्ट सांगन. मंग बाकीच्याइले कोण विचारन?"

मी त्यांचा अर्ज इंग्रजीत लिहून द्यायचं कबूल केलं. का केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. दया आली असावी. शिवाय त्या गावात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिथून जे सुरू झालं त्याने माझं डोकं फिरायची वेळ आली. रविवारी दादाजींच्या समोर मांडी घालून मी अर्ज लिहायचा. ते खाली सही करून टपालात टाकायचे. बुधवारी तो कचेरीत माझ्याच टेबलावर यायचा. सुपरिंटेंडेंट त्यात खोड काढायचे आणि मला मसुदा सांगायचे. मी तो लिहून रवाना करायचा. पुढच्या रविवारी दादाजी तोच कागद माझ्यापुढे ठेवायचे. "सरकार काय म्हणते, पाहा बरं."

सरकार विचारी, वस्तूंचा मालक कोण? मी दादाजींना विचारी. ते म्हणत, "ज्याची आहे तो." मी ते इंग्रजीत लिही. बुधवारी तेच वाचून सुपरिंटेंडेंट म्हणत, "हे काय उत्तर झालं? स्पष्ट विचारा." मग मी स्वतःलाच स्पष्ट विचारी. उन्हाळ्यात सरकार पचमढीला गेलं की फायलीही डोंगर चढत. एका वर्षी आमची फाइल वर राहून गेली आणि तिची नक्कल करायचं काम आलं. अर्जही माझा, आक्षेपही माझा, नक्कलही माझी. कधी कधी रविवारी लिहिताना मी कचेरीच्या बाजूने रागावत असे, आणि कचेरीत आक्षेप लिहिताना दादाजींच्या बाजूने. सायकलवरून जाता-येता, आपण नक्की कोणाकडून आहोत, याचा विचार करत बर्डीच्या पुलावर मी दोनदा पडलो.

मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य दादाजी मला मराठीत समजावून सांगायला लावत. मग तेच इंग्रजीत वाचायला लावून डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "हे जरा लंगडून राहिलं. दुसरं लिवा." मी दुसरं लिहीत असे. ते खरंच बरं उतरे. इंग्रजीचं अक्षरही न येणाऱ्या माणसाला लंगडं वाक्य कसं कळतं, हे मला कोडंच होतं. कान चांगला असेल, अशी मी समजूत करून घेतली.

असं दोन वर्षं चाललं. शेवटी खात्याचे इंग्रज साहेब म्हणाले, आपण स्वतःच पाहून येऊ. कारकून म्हणून मला बरोबर घेतलं. अर्जदाराला मदत करणाऱ्या कारकुनाची नोकरी एका सहीने जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो दिवस सुगीचा. निम्म्या खुंट्या रिकाम्या. आदल्या रविवारी मी हात जोडून सांगितलं होतं, "दादाजी, निदान चार दिवस वस्तू परत मागवा."

"काहून? तिकडं काम चालू आहे ना."

साहेब चिठ्ठ्यांपुढे थांबत, मी अर्थ सांगत असे. पाचव्या चिठ्ठीला त्यांना हसू आलं. मग खुर्चीवर बसू लागले, तर दादाजींनी हात आडवा धरला. साहेब उभेच राहिले. वळून मला म्हणाले, "यांची पत्रं आपल्या कचेरीतल्या पत्रांसारखीच कशी काय असतात? लिहून कोण देतं, विचारा."

मी दादाजींकडे पाहिलं. दादाजींनी दुपट्टा सारखा केला आणि थेट साहेबांशी बोलायला सुरुवात केली. इंग्रजीत. स्वच्छ, सावकाश, व्याकरणाला न चुकता. पत्रं माझीच आहेत, ते म्हणाले. कचेरीची पत्रं वाचून वाचून तीच भाषा अंगात मुरली, त्याला माझा इलाज नाही. साहेबांनी काहीतरी विचारलं. दादाजींनी असं उत्तर दिलं की साहेब मोठ्याने हसले. तो विनोद मला कळला नाही.

साहेब गेल्यावर संध्याकाळी मी सायकल हाणत परत आलो. "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"हाव, येते ना."

"मग दोन वर्षं माझ्याकडून का लिहून घेतलंत? एकेक वाक्य समजावून सांगायला लावलंत!"

त्यांनी फुटाण्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला. "तुमी पयल्या दिवशी आले तवा तुमचं तोंड पाहिलं होतं मी. जेवले होते का त्या दिवशी?"

हे उत्तर होतं की नव्हतं? त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, हे मात्र खरं. मेस बंद होती. रागाने निघून जायचं मी ठरवलं होतं, आणि तिथेच बसून फुटाणे खाल्ले.

महिनाभरात अनुदान मंजूर झालं. हुकूम मीच घेऊन गेलो. त्यात दोन मुख्य अटी होत्या. संग्रहातली कोणतीही वस्तू इमारतीबाहेर जाऊ नये. आणि इमारतीत परवानगीशिवाय फेरफार करू नये. पहिली अट वाचून मला वाटलं, आता म्हातारा कागद फाडणार. मी त्याची तयारीही ठेवली होती. नक्कल खिशात होती.

त्यांनी हुकूम स्वतः वाचला, दोनदा वाचला आणि सही केली.

मग गावोगाव निरोप गेले. ढोल आला, पायल्या आल्या, इतकी वर्षं न आलेली समईसुद्धा आली. चिठ्ठ्या निघाल्या. छपरावर नवे कवेलू चढले, कपाटांना काचा आणि कुलपं लागली. संग्रह पहिल्यांदा भरलेला दिसू लागला. पण आता कोणी तिकडे फिरकेना. काचेआडून पाहायचं काय, ते तर आपल्याच घरचं. दादाजी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून दिवसभर जमिनीवर बसत. मी विचारलं, "बरं वाटतं ना आता?" म्हणाले, "वस्तू भिजत नाहीत." एवढंच.

थंडीच्या दिवसांत उमरेडची बाई आली. ती विणकराची विधवा. नवरा गेल्यावर घरातला माग विकावा लागला, तेव्हा सासऱ्याने बांधलेली फणी तेवढी तिने दादाजींकडे आणून ठेवली होती. फणी म्हणजे मागावर सुताचे धागे ज्यातून ओवतात तो बारीक दातांचा कंगवा. तसली बारीक फणी बांधणारा आता कोणी उरला नव्हता. अधूनमधून ती न्यायची, कोणाच्या तरी मागावर लुगडं विणायची आणि परत आणून द्यायची. आता तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

त्या दिवशी रविवार होता, म्हणून मी तिथे होतो. बाई म्हणाली, "दादाजी, फणी द्या. पोरीचं लुगडं इनाचं आहे."

दादाजी म्हणाले, "नाही देता येत बाई. सही केली आहे मी."

"मी तं ठेवाले देल्ली होती. देऊन नव्हती टाकली."

"मले समजते वं."

"मंग?"

बाई रडली नाही, भांडलीही नाही. पायरीवर जाऊन बसली आणि दुपार कलंडेपर्यंत तिथेच बसून राहिली. मला ते पाहवेना. मी हळूच म्हटलं, "दादाजी, देऊन टाका. मी कचेरीत काही बोलणार नाही."

ते माझ्याकडे इतक्या आश्चर्याने बघू लागले की मीच ओशाळलो. "असं कसं? कबूल केलं ना आपण." नियमाला हसणारा माणूस नियम असा घट्ट धरून बसेल, हे मला कुठून ठाऊक असणार? मी चिडून घरी आलो.

पुढच्या रविवारी गेलो तर बाहेर मातीचा ढीग. आत खोलीच्या मधोमध कमरेएवढा खोल खड्डा, आणि दादाजी त्यात उभे राहून कुदळीने कडा सारख्या करत होते. शेजारच्या विणकर आळीतून एक जुना माग आणून भिंतीला टेकवलेला. विणकर असाच खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, खालच्या पावड्या पायांनी दाबतो.

"हे काय करून ठेवलंत?"

"काहून? फणी भाईर नाही गेली. माग आत आला."

मी डोक्याला हात लावून बसलो. "अहो, पण जमीन खोदली! दुसरी अट?"

ते खड्ड्यातच थांबले. कुदळीवर हनुवटी टेकली. "ते मोडली," म्हणाले. "एक पाळली, एक मोडली. दोन्ही पाळून पोरीचं लुगडं होत नव्हतं. चार दिवस इचार केला, बाबू."

त्यांनी सगळ्या वाटा तपासून ही निवडली होती की आधी खड्डा खणून मग कारण शोधलं होतं, मला सांगता येणार नाही. चेहरा मात्र बऱ्याच दिवसांनी ताजा दिसत होता.

बाई मोहल्ल्यातच नात्यातल्यांकडे राहिली आणि रोज येऊन विणू लागली. करवती काठाचं लुगडं, खटक्-खटक् आवाज गोदामाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. त्या आवाजाने लोक पुन्हा येऊ लागले. विणकर आळीतल्या म्हाताऱ्या बायका काठ बघायला येत आणि हमखास चुका काढत. दादाजी त्या चुका वहीत लिहून घेत.

लुगडं अर्ध्यावर असताना साहेब वार्षिक तपासणीला आले. बरोबर मीच. दारातूनच त्यांना माग दिसला, खड्डा दिसला आणि पाठमोरी बाई दिसली. साहेब पुढे झाले, तशी बाई मान न वळवता म्हणाली, "उभे राहा जरा. धागा तुटन."

मी भाषांतर केलं नाही. पण साहेब थांबले. बराच वेळ थांबले. हॅट काढून हातात घेतली. धोटा इकडून तिकडे जात होता आणि साहेबांची नजर त्याच्याबरोबर फिरत होती. शेवटी बाईने हात थांबवून पदराने कपाळ पुसलं, तेव्हा ते दादाजींना म्हणाले की असं सुंदर काम मी या प्रांतात पाहिलं नाही. मग पुढे म्हणाले, मला खेद होतो, पण हे मला लिहावं लागेल. दादाजी म्हणाले, लिहावंच लागेल, आम्ही खोदलं आहे. दोघांनी हात मिळवले. दोघांपैकी कोणी कोणाची कीव केली, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

अनुदान बंद झालं. तो हुकूम लिहायचं काम माझ्याकडेच आलं. तोवर लुगडं मागावरून उतरलं होतं, लग्न होऊन गेलं होतं. गोदामाच्या मालकाला खोल्या हव्याच होत्या. सरकारचा हात निघाल्यावर त्याने जागा सोडायची मुदत दिली. दादाजींनी तक्रार केली नाही. गावोगाव निरोप धाडले. पंधरा दिवस रेंग्या, म्हणजे तिकडच्या हलक्या बैलगाड्या, येत होत्या, बैल रस्त्यावर उभे राहत होते आणि लोक आपापल्या वस्तू उचलून नेत होते. काळा दगड मात्र कोणी नेईना. त्यावर पाचजणांनी हक्क सांगितला आणि पाचहीजण "तुमीच न्या" म्हणून एकमेकांना देऊ लागले. शेवटी तो पानवाल्याने नेला. त्याचा त्याने पाटा केला की देव, मला ठाऊक नाही.

शेवटच्या रविवारी खोली रिकामी होती. दादाजी म्हणाले, "बाबू, एक अर्ज लिवा."

"आता कसला?"

"आम्ही सरकारी मदतीच्या जागेत खड्डा केला. तो बुजवाले अनुदान मिळावं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. थट्टा दिसेना, राग दिसेना. "तुम्हीच लिहा," मी म्हटलं. "तुम्हाला तर येतं."

"तुमाले सवय आहे," ते म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी एक वाक्य लंगडतं म्हणून बदलायला लावलं. त्या आठवड्यात ते नागपूर सोडून गेले. कोणी म्हणालं उमरेडला त्या बाईच्या जावयाकडे, कोणी म्हणालं पारशिवनीला भावांकडे. मी दोन्हीकडे पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

तो अर्ज मात्र फिरत राहिला. मला दुसरी शाखा मिळाली. साहेब बदलले, सुपरिंटेंडेंट निवृत्त झाले, फाइल पचमढीला जाऊन आली. आणि दोन वर्षांनी एके दिवशी नव्या सुपरिंटेंडेंटांनी मला बोलावलं. "ही जागा तुम्हाला माहीत आहे ना? खड्डा बुजवण्याची रक्कम मंजूर झाली आहे. पाहणी करून शेरा लिहा."

मी इतवारीला गेलो. खोल्यांची भिंत पाडून गोदाम एकसंध केलेलं. छपरापर्यंत गव्हाची पोती. मला वाटलं, खड्डा केव्हाच बुजला असेल. पोत्यांच्या मधून वाट काढत आत गेलो, तर मधोमध मोकळी जागा, आणि खड्डा जसाच्या तसा. त्याच्या काठावर चार हमाल पाय आत सोडून भाकरी खात बसले होते. दिवसभर ओझं वाहिल्यावर पाय लोंबते सोडून बसायला अख्ख्या गोदामात तेवढीच जागा होती. मालकाने दोनदा बुजवायला सांगितलं, पण यांनी माती टाकली नाही.

"काय पाहून राहिले, बाबूजी?" एकाने विचारलं.

"खड्डा."

"मंग बसा ना."

मी बूट काढले आणि बसलो. पाय खाली सोडले. खालची माती थंडगार होती. त्यांच्यातल्या कोणालाही हा खड्डा कोणी खणला ते ठाऊक नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना. एकाने भाकरीचा तुकडा आणि मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला.

कचेरीत परतल्यावर नोकरीत पहिल्यांदाच, कोणी मसुदा न सांगता, मी शेरा लिहिला: 'पाहणी केली. खड्डा बुजवण्याची आवश्यकता नाही. चार इसम त्यात बसतात.'

सुपरिंटेंडेंटांनी चष्मा वर केला. "बसतात? म्हणजे काय?"

"मला नीट सांगता येणार नाही, साहेब," मी म्हटलं. "येऊन पाहावं लागेल."